आमच्या घरातले कोळी



या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी बाईंनी सांगितले, "थंडीत तुम्हाला घरी काय काय दिसते त्यावर लिहा." कोणी शेकोटीवर लिहिले, कोणी वालाच्या शेंगांवर लिहिले. मी म्हटले, "मी आमच्या घरातल्या कोळ्यांवर लिहिते." तर सगळे हसायला लागले. एकजण म्हणाला, "तुमच्या घरात कोळी आलेत? मग आम्हाला बोंबील आण की!" अरे, डहाणूच्या किनाऱ्यावर मासे धरणारे कोळी वेगळे आणि हे कोळी वेगळे. हे आठ पायांचे. पण जाळे दोघांचेही असते, आणि जाळे टाकून वाट बघणे दोघांनाही करावे लागते.

मी कोळी बघायला का लागले, ते आधी सांगते.

आमचे घर डहाणू आणि तलासरीच्या मधे, धुंदलवाडीच्या बाजूला आहे. मागची खोली विटांची आहे आणि पुढची पडवी कुडाची आहे. सर्वांना माहीतच आहे की २०१८ सालच्या नोव्हेंबर महिन्यापासून आपल्याकडे भूकंपाचे धक्के बसायला लागले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी तर ४.१ रिश्टरचा धक्का बसला होता. तेव्हा मी अगदी लहान होते, मला काही आठवत नाही. आई सांगते, दिवस थंडीचे होते, तरी लोक घरात झोपत नव्हते. कोणी तंबूत, कोणी अंगणात ताडपत्रीखाली झोपायचे. त्या वेळी आमच्या मागच्या भिंतीला तडा गेला. तो चुलीच्या वरून तिरका गेलेला आहे. बाबांनी दोन वेळा लिंपला, तरी परत दिसतो.

माझा धाकटा भाऊ पाच वर्षांचा आहे. त्याला आम्ही बारक्या म्हणतो. तो भूकंपानंतर जन्मला, पण सगळ्यांचे बोलणे ऐकून ऐकून तो त्या तड्याला भितो. या वर्षी भात कापून झाले, थंडी पडली, आणि एका रात्री बारक्याने बॅटरी भिंतीवर मारली. तड्यात काहीतरी हलले. "भिंत हलते, भिंत हलते!" असे ओरडत तो अंगणात पळाला. आजीने, आईने किती समजावले, तरी तो आत येईना. शेवटी आई गोधडी घेऊन त्याच्याजवळ बाहेर बसली. दुसऱ्या रात्री पण तसेच झाले. आईला सकाळी उठून कामाला जायचे असते. तिला झोप नाही आणि बारक्याला खोकला झाला.

मग मी बॅटरी घेतली आणि तड्याजवळ गेले. मला पण भीती वाटत होती, पण मी बघितले. भिंत हलत नव्हती. तड्यातून एक मोठा तपकिरी कोळी अर्धा बाहेर आला होता. त्याचे पाय हलत होते.

त्या दिवसापासून मी घरातले कोळी शोधायला लागले, म्हणजे बारक्याला दाखवता येतील. बाईंना विचारून जी माहिती मिळाली ती आणि मी स्वतः बघितलेली, अशी दोन्ही माहिती खाली देते.

कोळी म्हणजे काय?

पुष्कळ लोक कोळ्याला कीटक म्हणतात. पण तो कीटक नाही. कीटकाला सहा पाय असतात, कोळ्याला आठ असतात. कीटकाच्या अंगाचे डोके, छाती आणि पोट असे तीन भाग असतात. कोळ्याचे दोनच भाग असतात. डोके आणि छाती मिळून एक, आणि पोट दुसरा. कोळ्याला पंख नसतात, मिशाही नसतात. बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असतात. विंचू आणि गुरांच्या अंगावरचा गोचीड यांनाही आठ पाय असतात. म्हणजे ते कोळ्याचे भाऊबंद झाले.

कोळ्याच्या पोटाच्या टोकाला बारीक गाठी असतात. तिथून तो धागा काढतो. धागा आत पातळ रसासारखा असतो आणि बाहेर ओढला की घट्ट होतो. मी बाईंना विचारले, "कोळी स्वतःच्या जाळ्यात का अडकत नाही?" बाईंनी फळ्यावर बैलगाडीचे चाक काढले. म्हणाल्या, गोल जाळ्यात चाकाच्या आऱ्यांसारखे जे धागे असतात ते चिकट नसतात. गोल गोल फिरणारे धागे चिकट असतात. कोळी आऱ्यांवरून चालतो.

कोळ्याला आपल्यासारखे चावून खाता येत नाही. तो माशीला विष टोचतो, मग आपला रस तिच्यात सोडतो आणि आतले सगळे पातळ करून पितो. म्हणून जाळ्याखाली माशांची आणि मुंग्यांची पोकळ टरफले पडलेली दिसतात. कोळी कुठे आहे ते शोधायची ही एक खूण आहे. आधी खाली बघायचे, मग वर बघायचे.

थंडीत कोळी का दिसतात?

आजी म्हणते, थंडी पडली की कोळी घरात येतात. मला वाटले, ते आपल्यासारखे शेकायला येत असतील. पण बाई म्हणाल्या की घरातले पुष्कळ कोळी बाराही महिने घरातच असतात. पावसाळ्यात आपण शेतावर असतो, म्हणून आपल्याला दिसत नाहीत. थंडीत आपण लवकर घरात येतो, चुलीजवळ बसतो, तेव्हा आपले लक्ष भिंतीकडे जाते.

दुसरे कारण असे की कोळ्याचे अंग आपल्यासारखे स्वतः गरम राहत नाही. सकाळी गार असते तेव्हा तो सावकाश चालतो. म्हणून सकाळी त्याला नीट बघता येते. दुपारी तोच कोळी डोळ्यासमोरून पळून जातो.

तिसरे कारण आपल्या शेताचे आहे. भातात पुष्कळ कोळी असतात. ते तुडतुडे खातात, म्हणजे शेतकऱ्याचे कामच करतात. भात कापले की त्यांचे घर जाते. मग आपण भारे खळ्यावर आणतो, पेंढा घरामागे रचतो. त्याच्याबरोबर थोडे कोळी पण येतात. हे मी स्वतः बघितले आहे. बाबांनी पेंढ्याचा भारा टाकला तेव्हा त्यातून तीन कोळी पळाले.

मी बघितलेले कोळी

१. लांब पायांचा कोळी. हा दाराच्या मागे, कणगीच्या मागे आणि छपराच्या कोपऱ्यात असतो. अंग छोटे आणि पाय केसासारखे बारीक नि लांब. तो जाळ्यात उलटा लटकतो. त्याच्यावर हळूच फुंकर मारली तर तो जाळ्यासकट इतका जोरात हलतो की नीट दिसतच नाही. शत्रूला फसवायची ही त्याची युक्ती आहे. याची मादी अंड्यांचा पुंजका तोंडात धरून बसते. याच्या जाळ्यात मला डास सापडले.

२. उड्या मारणारा कोळी. हा दुपारी उन्हाच्या भिंतीवर दिसतो. छोटा असतो, पण पुढचे दोन डोळे मोठे असतात. मी बोट हलवले तर तो वळून माझ्याकडे बघायला लागला. जाळे करून माशी धरत नाही. मांजर उंदरावर जाते तसा हळूहळू जातो आणि उडी मारतो. उडी मारायच्या आधी तो एक धागा भिंतीला चिकटवून ठेवतो. म्हणजे पडला तरी लटकून राहतो.

३. मोठा तपकिरी कोळी. आमच्या तड्यातला तो हाच. पाय पसरले तर माझ्या तळहाताएवढा होतो. अंग चपटे असते, म्हणून बारीक फटीत सुद्धा शिरतो. दिवसा तो लपून बसतो आणि रात्री बाहेर येतो. हाही जाळे करत नाही. पळत जाऊन झुरळे धरतो. याची मादी पांढऱ्या चपट्या पिशवीत अंडी घालते आणि ती पिशवी पोटाखाली धरून फिरते. तेव्हा ती नाणे घेऊन चालल्यासारखी दिसते.

४. तंबूवाला कोळी. हा तिळाएवढाच असतो. भिंतीवर, तड्याच्या तोंडाशी, नखाएवढे पांढरे चपटे जाळे करतो आणि त्याच्या खाली बसतो. मुंगी आली की तो तिच्याभोवती गरागरा फिरतो आणि तिला धाग्याने बांधतो. अशा छोट्या कोळ्यांच्या एका जातीला डॉ. बी. के. टिकादर या शास्त्रज्ञांनी १९६२ साली नाव दिले, त्यात मराठा हा शब्द आहे. टिकादरांनी भारतातल्या कोळ्यांवर मोठी पुस्तके लिहिली. बारक्याला हा कोळी सगळ्यात आवडला. तो म्हणाला, "हा पण तंबूत झोपतो!"

५. अंगणातला कोळी. पुस्तकात याला लांडगा कोळी म्हणतात. रात्री बॅटरी कपाळाजवळ धरून अंगणात किंवा पेंढ्याकडे बघा. जमिनीवर बारीक चमकणारे ठिपके दिसतात. ते दव नाही, ते कोळ्याचे डोळे! जवळ गेले की खात्री पटते. याची मादी अंड्यांची गोळी मागे बांधून फिरते. पिल्ले निघाली की ती आईच्या पाठीवर बसतात. याच कुळातले काही कोळी बांधावरच्या गवतात चादरीसारखे जाळे करतात आणि एका कोपऱ्यात नळीसारखे बीळ करतात. थंडीत सकाळी दव पडले की ही जाळी पांढरी दिसतात. शाळेत येताना मी एका बांधावर अकरा जाळी मोजली. ऊन पडल्यावर एकही दिसत नव्हते. जाळी तिथेच होती, पण दव नव्हते.

६. दोन शेपट्यांचा कोळी. हा आंब्याच्या खोडावर बसतो. सालीसारखाच रंग असतो, म्हणून हलल्याशिवाय दिसत नाही. मागे दोन लांब शेपट्या असतात. त्या खऱ्या शेपट्या नव्हेत, त्यातून तो धागा काढतो.

कधी कधी जाळ्यात मेलेला कोळी लटकलेला दिसतो. तो नेहमी मेलेला असतोच असे नाही. कोळी वाढताना कात टाकतो, सापासारखी. ती नुसती कात असू शकते.

कोळ्याने फोड येतात का?

पावसाळ्यात बारक्याच्या मानेवर फोड आले होते, आग होत होती. आजी म्हणाली, "कोळी मुतला त्याच्या अंगावर." मग बाबांनी खराटा घेऊन घरातले सगळे कोळी मारले. पण आशाताई आल्या त्यांनी बघून सांगितले की हे कोळ्याचे काम नाही. पावसाळ्यात दिव्यावर एक लांबट, लाल-काळ्या पट्ट्यांचा कीडा येतो. तो मानेवर बसला आणि आपण हाताने चिरडला की त्याच्या अंगातल्या रसाने कातडी भाजल्यासारखी होते. म्हणून तो कीडा अंगावर बसला तर चिरडायचा नाही, फुंकर मारून उडवायचा आणि साबणाने ती जागा धुवायची. आजी आधी ऐकत नव्हती. मग म्हणाली, "एवढी वर्षं त्या गरिबाचं नाव घेतलं म्हणायचं!"

पण पालकांनो, मी असे म्हणत नाही की कोळ्याला हातात घ्यावे. बहुतेक सगळ्या कोळ्यांना विष असते. घरात दिसणाऱ्या बहुतेक कोळ्यांचे विष माणसाला मोठी इजा करण्याएवढे नसते. तरी मोठा कोळी दाबला गेला तर चावतो आणि दुखते. म्हणून मी हे नियम केले आहेत.

कोळी डोळ्याने बघावा, हाताने बघू नये.

तड्यात, बिळात, झाडाच्या ढोलीत बोट किंवा काडी घालू नये.

लाकडांच्या ढिगात आणि पेंढ्यात एकट्याने हात घालू नये. तिथे विंचू आणि साप पण असतात.

जमिनीवर झोपायच्या आधी गोधडी झटकावी, सकाळी चप्पल झटकून घालावी.

विंचू किंवा साप चावला तर भगताकडे वेळ घालवू नये, लगेच दवाखान्यात जावे. रायगड जिल्ह्यातल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन नावाचे औषध उपयोगी पडते हे दाखवून दिले. त्यामुळे पुष्कळ लोकांचे प्राण वाचले. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

आणि एक गोष्ट. कोळी डास खातो म्हणून मच्छरदाणी लावायची नाही, असे करू नये. कोळ्याला जेवढे डास सापडतात त्यापेक्षा जास्त डास आपल्याकडे असतात!

तड्याचे काय झाले?

आता बारक्याची गोष्ट पुरी करते. मी त्याला रोज एक कोळी दाखवला. आधी तो माझ्या पाठीमागून बघायचा. तिसऱ्या दिवशी तो पुढे झाला. तड्याच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत तंबूवाल्या कोळ्याचे धागे होते. बारक्या म्हणाला, "ताई, धागा तुटला नाही, म्हणजे भिंत हलली नाही."

मला ते खरे वाटले. मी शाळेत बाईंना सांगितले. बाई म्हणाल्या, "त्याने विचार चांगला केला. पण कोळ्याचा धागा ताणतो, आणि तुटला तर कोळी रात्रीत नवीन घालतो. त्याच्यावर भरवसा ठेवता येणार नाही. तड्यावर कागदाची पट्टी चिकटव." मग मी वहीच्या कागदाची अरुंद पट्टी कापली आणि पिठाच्या खळीने तड्यावर आडवी चिकटवली. वर तारीख लिहिली. तडा वाढला तर पट्टी फाटेल. रोज संध्याकाळी बारक्या पट्टी बघतो आणि मोठ्याने ओरडतो, "फाटली नाय!" आज वीस दिवस झाले, पट्टी तशीच आहे.

पट्टी फाटली नाही म्हणजे भूकंप होणारच नाही असे नाही. भूकंप कधी होणार हे कोणालाच आधी सांगता येत नाही. मी बाईंना विचारले होते, कोळ्याला आधी कळते का? बाई म्हणाल्या, तसे काही सिद्ध झालेले नाही. म्हणून शाळेत शिकवले तेच करायचे. धक्का बसला की घाबरून धावायचे नाही, टेबलाखाली डोके झाकून बसायचे, आणि थांबल्यावर मोकळ्या जागेत जायचे. हे मी बारक्याला पण शिकवले. आमच्या घरात टेबल नाही, म्हणून आम्ही भिंतीपासून आणि कणगीपासून लांब, डोक्यावर हात घेऊन बसायचे ठरवले आहे. झोपायची जागा पण आम्ही तड्यापासून लांब घेतली.

आता बारक्या आत झोपतो. आईला पण झोप मिळते.

मागच्या रविवारी बाबा तडा पक्का भरायला सिमेंट घेऊन आले. ते भरायला लागणार तेवढ्यात बारक्या आडवा झाला. म्हणाला, "आत कोळीण आहे. तिच्याकडे अंडी आहेत." बाबांनी बॅटरी मारून बघितले. खरेच, पांढरी पिशवी दिसत होती. बाबा हसले नाहीत. ते थोडा वेळ बघत राहिले. मग त्यांनी चुलीतली धुमसती काडी तड्याच्या खालच्या टोकाला धरली. धूर आत गेला तशी कोळीण पिशवी घेऊन वरच्या टोकाने बाहेर आली आणि सरसर चालत छपराच्या वाशात गेली. मग बाबांनी तडा भरला. तंबूवाल्या छोट्या कोळ्याला मी कागदावर घेऊन पडवीच्या कुडावर सोडले. दोन दिवसांनी त्याने तिथे नवीन तंबू केला.

सिमेंट सुकल्यावर आम्ही त्याच्यावर नवीन पट्टी चिकटवली आहे.

तुम्ही पण आज घरी गेल्यावर बॅटरी घ्या आणि आपल्या घरात किती जातीचे कोळी आहेत ते बघा. वहीत लिहा. ज्याला माझ्यापेक्षा जास्त सापडतील त्याने मला दाखवायला न्यावे. आणि पालकांनो, कोळिष्टके जरूर काढा, कारण धूळ बसलेल्या जुन्या जाळ्यात कोळी बहुतेक राहत नाही. पण खराटा मारायच्या आधी एकदा आत कोणी आहे का ते बघा.



इयत्ता चौथीची विद्यार्थिनी